जिन्यातली मराठी

इंग्रजांना एखादी गोष्ट नुसती कळत नाही. ती त्यांना चिमणं पाखरू येऊन सांगतं, नाहीतर द्राक्षाच्या वेलीवरून ऐकू येते, नाहीतर तिचा वारा लागतो, नाहीतर चालता चालता ठेच लागून ती पायाशी सापडते. ‘अ लिटल बर्ड टोल्ड मी’, ‘थ्रू द ग्रेपवाइन’, ‘गेट विंड ऑफ’, ‘स्टंबल अपॉन’. म्हैसूरच्या एका हायस्कुलात मी हे वाक्प्रचार इतकी वर्षं शिकवले, की मला झोपेतून उठवून विचारलं तरी अर्थासकट सांगेन.

शिकवताना दर वेळी मनात यायचं, काय साळसूद माणसं आहेत ही! यांच्यात कुणी मुद्दाम कान देऊन ऐकतच नाही. सगळं आपोआप. पाखरू आलं, वारा आला, पाय अडखळला. आम्ही काही केलं नाही हो, आम्हाला सहज कळलं! आपल्यात निदान ‘भिंतीला कान असतात’ असं सरळ सांगून टाकतात. कान कुणाचे ते ज्याचं त्यानं ओळखावं.

माझे कान खिडकीला होते. अडखळले-बिडखळले नाही मी. चांगली खुर्ची ओढून बसायची.

कुवेंपुनगरात आमचं घर. खाली मी एकटी, वर भाडेकरू. वर जायचा जिना बाहेरून आहे, माझ्या हॉलच्या खिडकीला अगदी खेटून. आमचे पूर्वज कधी काळी मराठी मुलखातून इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड. मराठी म्हणजे आमची मराठी हो. तीत ‘उगाच’ला ‘सुम्ने’ येतं, ‘थोडं’ला ‘स्वल्प’ येतं, ‘अय्यो’ तर श्वास घेतल्यासारखं येतं. हे लिहितानाही येईल, चालवून घ्या. आडनाव इथल्या मातीत इतकं मुरलंय की त्यावरून कुणाला काही पत्ता लागत नाही.

यजमान गेले तेव्हा घरातली मराठीही गेली. एकुलता मुलगा बेंगळूरला. रोज फोन करतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शाळेत असतानाच त्यानं मराठी टाकली ती टाकली. मी मराठीत विचारणार, तो कन्नडात उत्तर देणार. मोठ्या शाळेत गेला, शिष्ट झाला, असं मी धरून चालले. सून तमिळ, गुणी पोर, तिच्याशी इंग्रजी. शेजारपाजार कन्नड. असं करत करत एक दिवस लक्षात आलं, की पूर्ण दिवस गेला आणि मराठीतला एक शब्द कानावर पडला नाही. मग आठवडा तसाच गेला. मग मी मोजायचं सोडून दिलं.

गेल्या वर्षी वरचा मजला बघायला ते दोघं आले. तो कडकोळच्या एका कारखान्यात इंजिनीअर, ती त्याची बायको, दोघंही लातूरकडची, नवीन लग्न झालेली. एजंट माझ्याशी कन्नडात बोलत होता, मी त्याला कन्नडात उत्तरं देत होते. आणि तो नवरा माझ्यासमोर उभा राहून, माझ्याकडे बघून गोड हसत बायकोला म्हणतो, “घर हवेशीर आहे. म्हातारी जरा खडूस दिसते. पण आपल्याला काय, ती खाली, आपण वर.”

“हळू बोल ना,” ती म्हणाली.

“अगं, तिला काय कळतंय!”

अय्यो! उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, चांगलं मिरची लावून. पण गिळलं. का, ते सांगते. तिकडून आलेल्या माणसांसमोर आमची मराठी उघडी केली, की ती आधी हसतात आणि मग विचारतात, “तुम्ही नक्की मराठीच ना?” हे मी फार सोसलंय. मुलांना शेक्सपिअरच्या भाषेतली वळणं शिकवणारी बाई मी, आणि माझ्याच मातृभाषेत मला कुणीतरी पास-नापास करणार! नको ते. म्हणून ऐकून घेतलं, आणि घर दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण मार मराठीतला होता.

त्यांचं सामान आलं त्या दिवसापासून माझा जिना बोलायला लागला. “अरे, गॅसची शेगडी सांभाळ!” “चावी कुठं ठेवलीस रे बाबा?” “तू म्हणजे ना, अगदी तुझ्या आईवर गेलायस.” खाली मी कुठेही असले तरी हातातलं काम थांबायचं. आणि दुपारी तर मेजवानीच. ती पोरगी जिन्यात उभी राहून तिच्या आईशी फोनवर बोलायची. इथं ज्वारीचं पीठ धड मिळत नाही. शेंगदाण्याच्या चटणीत लसूण जास्त झाला. अमकीचं लग्न ठरलं, तमकीचं मोडलं. मावशीचे गुडघे. त्या मावशीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी देवापुढे हात जोडले. कोण कुठली मावशी, मी तिचा फोटोही पाहिलेला नाही!

मला मराठी येते हे आता सांगावं असं एक-दोनदा वाटलं. पण मग ती दोघं माझ्यापाशी आली की जपून बोलणार. “कशा आहात काकू, बऱ्या आहात ना,” एवढंच. जिना मुका होणार. एवढ्याशा शहाणपणापायी मी माझं दुपारचं जेवण कशाला घालवू? म्हणून त्यांच्याशी इंग्रजी-हिंदीची खिचडी चालू ठेवली, आणि खिडकी उघडी ठेवली.

मग ती एक दिवस दारात आली. “आंटी, आप मुझे इंग्लिश सिखाओगे?” विज्ञानाची पदवी होती तिच्याकडे. एका शाळेत शिक्षिकेची जागा निघणार होती, मुलाखत इंग्रजीतून. मी म्हटलं, ये. रिकामटेकड्या मास्तरणीला विद्यार्थी मिळाला, आणखी काय हवं.

रोज चारनंतर आम्ही डायनिंग टेबलाशी बसायचो. डोकं चांगलं, जीभ घाबरट. व्याकरण उरकून वाक्प्रचारांवर आलो आणि योगायोगाने काहीतरी कळण्याचा तो धडा निघाला. तिनं सगळी यादी ऐकून घेतली आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, साधं ‘आय केम टु नो’ म्हटलं तर यांचं काय बिघडतं? मला ती पोरगी तिथेच आवडली. मी तिला माझा साळसूदपणाचा सिद्धान्त इंग्रजीतून समजावून सांगितला. माझ्याकडे टक लावून बघत ती ऐकत होती आणि गालात हसत होती.

पाठ करताना ती आपल्याशीच मराठीत पुटपुटायची. “ग्रेपवाइन म्हणजे उडत उडत कानावर येणं. गेट विंड ऑफ म्हणजे कुणकुण लागणं. कॅट आउट ऑफ द बॅग म्हणजे बिंग फुटणं.” किती नेमकं! शाबास म्हणून पाठ थोपटावीशी वाटायची. मी आपली “हं, गुड,” म्हणून गप्प. मग तिला एकेक वाक्य करायला सांगितलं. ‘स्टंबल अपॉन’ घेऊन ती म्हणाली, “आय स्टंबल्ड अपॉन अ सीक्रेट इन धिस हाऊस.”

“व्हॉट सीक्रेट?” मी विचारलं.

“ओन्ली सेंटेन्स, आंटी,” असं म्हणून ती वहीत डोकं खुपसून बसली. वाक्य बरोबर होतं. मी पुढच्या वाक्प्रचाराकडे वळले.

असं सगळं छान चाललेलं असताना बन्नूरची भानगड झाली.

त्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले होते. भाजी झाली, फुलं झाली, आणि सिटी बसस्टँडकडे चालले होते. वाटेत दोन बायकांनी अडवलं. एक पन्नाशीची, एक तिच्याहून लहान, दोघींच्या पायांत बूट, खांद्याला पर्स. हिंदीत विचारलं, सोमनाथपूरच्या देवळाला कसं जायचं? मी सांगितलं, बन्नूरची बस घ्या, तिथून पुढे दुसरी. स्टँड जरा वेगळा होता, म्हणून म्हटलं चला, दाखवते. आणि चालायला लागल्या न लागल्या तोच दोघींचं मागे सुरू झालं, मराठीत.

“तुम्ही सांगितलंत म्हणून सासूबाईंना कळलं.”

“मी कशाला सांगू? त्यांना कचऱ्यात खोका सापडला दुकानाचा!”

मी चालण्याचा वेग कमी केला. दोघी जावा होत्या. धाकटीनं सणाला विकतच्या पुरणपोळ्या आणून घरच्या म्हणून वाढल्या होत्या. सासूबाईंनी तीन खाल्ल्या, तोंड भरून कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात खोका! आता तो खोका वर दिसेल असा कुणी ठेवला, हा वाद. थोरली म्हणत होती, देवाशपथ मी नाही. धाकटी म्हणत होती, तुमच्याशिवाय स्वयंपाकघरात होतं कोण?

बस आली. मी हात करून दाखवली. दोघी “थँक्यू” म्हणून चढल्या. आणि मग, काय सांगू, मीही चढले. अगदी ठरवून, शुद्धीत. त्यांच्या मागची सीट धरली. कंडक्टर आला, “एल्लिगे?” कुठे? मी म्हटलं, बन्नूर. घरी दुपारच्या जेवणाची डाळ भिजत घातलेली, मोबाइल चार्जिंगला लावलेला, आणि मी निघाले उसाच्या गावाला. तो खोका वर कुणी ठेवला हे कळल्याशिवाय मी कशी घरी जाणार?

कळलं बरं का. वाटेत धाकटी रडायला लागली. म्हणाली, मला पोळी लाटताच येत नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, सगळ्यांना हे सांगू कशी? तेव्हा थोरली म्हणाली, “मीच ठेवला गं. मला मेलीला पहिल्या वर्षी किती बोलल्या होत्या त्या, आणि तुझं सगळं कौतुक. नाही बघवलं मला.” मग दोघी रडल्या. मग थोरलीनं डबा उघडून भडंग काढलं, धाकटीला दिलं, मागे वळून मलाही दिलं. मी हात पुढे केला. तोंडातून “द्या की” निघणारच होतं, ते घासाबरोबर आत ढकललं.

बन्नूरला त्या उतरून दुसऱ्या बसकडे गेल्या. मी तिथे कॉफी प्याले आणि परतीच्या बसमध्ये बसले. इतकी खूश होते मी, की विचारू नका. पण पुढे रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर आडवा झालेला, गाड्यांची ही रांग. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.

फाटकाशी गर्दी. शेजारचे, समोरचे, वरची पोरगी पांढरीफटक पडलेली, तिचा नवरा हेल्मेट घालून मला शोधायला निघण्याच्या तयारीत. झालं होतं असं, की मुलानं दुपारपासून फोनवर फोन केले, मी उचलेना, म्हणून त्यानं वरच्यांना केला. त्यांनी दार वाजवलं, कुलूप. मग सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नवऱ्यानं मुलाला फोन लावून स्पीकरवर माझ्यापुढे धरला. “कुठे गेली होतीस, अम्मा?” मुलगा कन्नडात ओरडत होता.  मी काय सांगणार? दोन परक्या बायकांचं भांडण ऐकायला बन्नूरला गेले होते? आणि तेही ही दोघं समोर उभी असताना? म्हटलं, “चुकून दुसऱ्या बसमध्ये चढले.”

“बरं,” एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. मला तेव्हाच समजायला हवं होतं. चाळीस वर्षं ज्या गावात बस पकडली तिथे बाई चुकीच्या बसमध्ये चढते आणि दिवे लागेपर्यंत परत येत नाही, याचा अर्थ मुलं एकच लावतात. आईला विसर पडायला लागला. आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काय चुकलं?

त्या आठवड्यात त्याचे फोन बदलले. “अम्मा, आज वार कोणता?” “अम्मा, सकाळी काय खाल्लंस, आठवतंय?” मी तडकले. “तुझा जन्म किती वाजता झाला तेही सांगू का? दाईनं काय शिव्या घातल्या तेही आठवतंय!” मराठीत. तो कन्नडात शांतपणे म्हणाला, रविवारी येतोय. इकडे एक खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. ते घर आता बंद करू. वरच्यांनाही दुसरी जागा बघायला सांगू.

घर बंद करू! जसं काही खोकं बंद करायचंय. फोन ठेवला. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. “अरे, मराठी ऐकायला गेले होते.” पण ते वाक्य बोलायचं म्हणजे वर्षभर त्या पोरांचं सगळं चोरून ऐकलं हेही आलं. आणि मुळात एवढ्यासाठी बाई बन्नूर गाठते, हे ऐकून तो आणखीच घाबरला असता. शनिवारपर्यंत मी नुसती कामं उपसली. भांडी घासली, कपाट आवरलं, देवघर दोनदा पुसलं. बेंगळूरच्या त्या खोलीत खिडकीखाली जिना नसणार, एवढंच सारखं डोक्यात येत होतं.

शनिवारी सकाळी मी पूजेला बसले आणि लक्षात आलं, चष्मा हॉलमध्ये राहिला. तो घ्यायला खिडकीपाशी गेले. खरंच सांगते, वर्षभरात तेवढ्या एकाच वेळी मी तिथे ऐकायला गेले नव्हते. जिन्यात दोघं बोलत होते, हळू आवाजात.

“उद्या तो येतोय. विचारेल. खरं काय ते सांगून टाकायचं,” नवरा म्हणत होता. “उद्या त्यांना काही झालं तर आपल्यावर येईल.”

“काय खरं? त्या विसरभोळ्या नाहीत. मागच्या महिन्यातली माझी चूक त्यांना अजून आठवते.”

“मग बन्नूरला कशा गेल्या?”

“ते नाही माहीत. पण हरवल्या नव्हत्या त्या. हरवलेलं माणूस असं खुशीत परत येतं का?”

“हळू बोल असं तूच म्हणतेस. खाली त्या असतील तरी काय फरक पडतो, त्यांना कळतंय थोडंच.”

“कळतं,” ती म्हणाली. “त्यांना मराठी येते.”

मी चष्मा हातात घेऊन तशीच उभी.

“आपण आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात मला कळलं. दूध मागायला गेले होते तर आत कुकरशी भांडत होत्या. ‘किती बोंबलशील गं बये, शिजला की भात!’ असं. मी तशीच मागे फिरले.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“त्या कुठं बोलल्या? असेल त्यांचं काहीतरी. आपण कशाला उघडं पाडायचं? आणि ऐक ना, मी आईला फोन करायला लागले की त्या खिडकीशी येऊन बसतात. खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. कुणी नाही रे त्यांच्याशी बोलायला. म्हणून तर मी जिन्यात उभी राहून बोलते. वर गच्चीत रेंज चांगली आहे, तरी इथंच. आईलाही सांगितलंय, दुपारी निवांत फोन कर, गावाकडचं सगळं सांग, खाली एक आजी ऐकत असतात. मावशीच्या गुडघ्याचं काय झालं ते तर आईनं दोनदा सांगितलं.”

पहिल्यांदा मला रागच आला. कुणी नाही बोलायला? कोण बिचारी, मी? मास्तरीण आहे मी, अर्ध्या म्हैसूरला इंग्रजी शिकवलंय! मग खुर्चीत बसले आणि रडू फुटलं. वर्षभर मी समजत होते की मी चोरते आहे. आणि ती लेकराएवढी पोर रोज दुपारी उन्हात उभी राहून मला वाढत होती.

पूजा त्या दिवशी राहिलीच.

रविवारी मुलगा आला. चेहरा उतरलेला, रात्रभर झोपला नसावा. जेवणं झाल्यावर त्यानं वरच्या दोघांना खाली बोलावलं. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाला, बस अम्मा. मग इंग्रजीत त्यांना म्हणाला, मला तुमची मदत हवी आहे. आईच्या वागण्यात तुम्हाला काय दिसलं ते खरं सांगा, तिचं वाईट वाटेल म्हणून लपवू नका. नवऱ्यानं घसा खाकरला. बायकोनं त्याच्याकडे डोळे वटारले.

“थांबा,” मी म्हटलं, मराठीत. “मीच सांगते. खडूस म्हातारीचं स्वल्प ऐकून घ्या.”

नवऱ्याचा चेहरा असा झाला की तो मी जन्मभर पुरवून वापरीन. “काकू... तुम्ही... ते मी...” एवढंच त्याला जमलं. बायको मात्र तोंडावर हात धरून हसायला लागली.

मी सगळं सांगितलं. बाजार, जावा, पुरणपोळ्या, खोका, भडंग. आमच्या मराठीत, सुम्ने आणि अय्योसकट. पहिल्या दोन वाक्यांना जीभ अडली, मग सुटली ती सुटलीच. “हरवले नव्हते. तिकीट काढून गेले. कानांना भूक लागली होती हो. दुसरं काही नाही.” पोरगी खोक्याच्या गोष्टीला खदखदून हसली, नवरा कान पकडून ऐकत होता.

मुलगा हसला नाही. कन्नडात म्हणाला, “मराठी ऐकायला तू बन्नूरपर्यंत गेलीस, अम्मा? मी होतो ना. मला फोन करायचा.”

“फोनवर रोजच बोलतो की आपण,” मी म्हटलं. “मी मराठीत विचारते, तू कन्नडात सांगतोस. बाबा गेल्यापासून मला कुणी मराठीत उत्तर दिलेलं नाही रे.”

त्यानं मान खाली घातली. ती दोघं उठून जावं की बसावं अशा पेचात. मग तो खालीच बघत बोलायला लागला. पुण्याला आपण एका लग्नाला गेलो होतो, मी चौथीत होतो, म्हणाला. तू आत बायकांत होतीस. पंगतीत मी म्हणालो, मला स्वल्प भात घाला. सगळी पंगत हसली. एका काकांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग दुसऱ्या पंगतीतल्या मुलांना बोलावून आणलं आणि परत म्हणायला लावलं. मी रडलो तर म्हणाले, आता कन्नडात रड बघू. तेव्हापासून नाही बोललो. घरीसुद्धा नाही. तोंड उघडलं की ती पंगत दिसते.

इतकी वर्षं मी त्याला शिष्ट समजत होते. माझं पोर चौथीपासून हे पोटात घेऊन हिंडत होतं, आणि मला त्याची साधी कुणकुण नव्हती. आणि दुखणं कोणतं, तर जे माझं तेच त्याचं. मायलेक एकाच काट्यावर पाय देऊन बसलो होतो, एकमेकांना न सांगता.

 तेव्हा ती पोरगीच म्हणाली, “दादा, पुण्यात आम्हालाही हसतात हो. आमची लातूरची मराठी ऐकली की विचारतात, ही कुठली भाषा? माझ्या लग्नात यांच्या मावसभावांनी माझी नक्कल केली होती. मी दोन दिवस बोललेच नाही, मग म्हटलं, उडत गेले. बोला तुम्ही.”

“माझी मराठी... होणार नाही,” तो म्हणाला. मराठीत.  कपाळावर घाम आला होता त्याच्या. पस्तिशीचा बाप्या, कंपनीत माणसांवर हुकूम चालवणारा, आणि भाजीवालीपुढे सुट्टे शोधावेत तसा शब्द शोधत होता.  

“अम्मा,” तो म्हणाला, “घर बंद करायचं नको. तू हितंच रहा. मी... प्रति वारा येतो. स्वल्प दिवस बघू. आणि फोनवर... मी प्रयत्न करतो.”

प्रति वारा म्हणजे दर आठवड्याला. त्याला तो शब्द सापडला नाही, म्हणून कन्नडातला घातला. माझी आई अशीच बोलायची. त्याचे बाबा अस्सेच बोलायचे. आमच्या घरात जो तो असाच बोलत आलाय.

कुणी हसलं नाही. मीच पदरात तोंड घालून ढसाढसा रडले, आणि रडता रडता त्याचा हात धरून म्हणत राहिले, “बोल रे, आणखी बोल.”